दार न उघडणारी मैत्रीण

मावशीने मोठ्यांसाठी तीन कादंबऱ्या लिहिल्या होत्या आणि तिन्हींचं चांगलं नाव झालं होतं. त्यामुळे संपादकांनी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी एक लिहून मागितली, तेव्हा तिला ते हातचा मळ वाटलं. दोन जिवलग मैत्रिणींची गोष्ट तिने झपाट्याने लिहून काढली. हक्काची वाचक घरातच होती. शिकायला तिच्याकडे राहिलेल्या भाचीला नुकतंच पंधरावं लागलं होतं.

भाचीने दोन संध्याकाळी बसून सगळं वाचलं आणि कागद परत दिले. "छान आहे."

नको असलेल्या भाजीलाही भाची असंच 'छान आहे' म्हणायची.

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"रागावशील. पण सांगते. तुझी ती मुलगी दर प्रकरणाच्या शेवटी शहाणी होते. आम्ही इतक्या लवकर शहाण्या होत नाही गं. आणि तिची आई बोलायला लागली की मी पानं उलटत होते."

मावशी रागावलीच. चहाचं आधण उकळून आटलं तरी ती ओट्याशी तशीच उभी होती. मग आत जाऊन तिने आईची भाषणं वाचली आणि तिच्या लक्षात आलं, आईच्या तोंडून ती स्वतःच बोलत होती. मुलांशी बोलायचं सोडून त्यांना समज द्यायला बसली होती.

तिने भाषणं काढून टाकली. ते सोपं गेलं. अवघड होतं नायिकेला वाईट वागू देणं. स्वतःचं पंधरावं वर्ष तिने खरवडून काढलं. तेव्हाचा मत्सर, जिवाभावाच्या माणसालाच दुखवावंसं वाटणारा तो राग. नव्या खर्ड्यात मैत्रिणीने विश्वासाने पाठवलेला मेसेज नायिका अख्ख्या वर्गाच्या ग्रुपवर टाकते. ते पान लिहिताना मावशीला स्वतःचीच लाज वाटली, पण तिने ते खोडलं नाही.

संपादकांचा फोन आला. "ताई, नायिकाच असं वागली तर पालक काय म्हणतील? निदान शेवटी मैत्रिणीला तिला माफ तरी करू द्या."

"माफी मागायला जाते की ती. मैत्रीण दार उघडत नाही."

"मग मुलांनी यातून घ्यायचं काय?"

"ते त्यांचं त्यांना ठरवू दे. पुस्तक त्यांचंच आहे ना?"

"बरं. पण पालकांची पत्रं आली तर उत्तरं तुम्ही द्यायची."

पुस्तक निघालं. काही महिन्यांनी एका वाचनालयाने तिला मुलांशी गप्पा मारायला बोलावलं. भाची सोबत आली, पण ओळख दाखवायची नाही या अटीवर, आणि मागच्या रांगेत जाऊन बसली. मावशीने लिहिण्याबद्दल चार वाक्यं तयार केली होती. त्यातलं दुसरं वाक्य संपायच्या आत पुढची एक मुलगी म्हणाली, "तिने दार उघडायला हवं होतं."

"का म्हणून?" पलीकडची उसळली. "माझा मेसेज कोणी असा टाकला असता तर मी जन्मात उघडलं नसतं."

"पण ती रडत आली होती."

"मेसेज टाकताना रडली होती का?"

बघता बघता खोलीत दोन तट पडले. ग्रंथपालबाई मुलांना गप्प करायला उठल्या, पण मावशीने त्यांना हातानेच थांबवलं. शेवटी एकीने तिलाच गाठलं. "तुम्हीच सांगा, पुढे त्या बोलतात की नाही?"

"मलाही माहीत नाही," मावशी म्हणाली, आणि ते खरं होतं. मुलांनी तिला तिथेच सोडलं आणि त्यांची पुन्हा आपसात जुंपली.

ती खुर्चीत मागे रेलून ऐकत राहिली. तिच्या आधीच्या पुस्तकांवर व्याख्यानं झाली होती, सत्कार झाले होते. पण तिच्या गोष्टीतल्या माणसांसाठी कोणी असं लालबुंद होऊन भांडलं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून ओळखीचा आवाज आला. भाची शेजारच्या मुलीला सांगत होती, पुढच्यांनाही सहज ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "माझी सख्खी मावशी आहे ती."