सत्र क्रमांक सत्तावन्नमधला पोडियम

मित्रांनो, श्यामकांत सर उजळणी वर्गात नापास झाले.

ऐकलंत? आता विसरा. तसं काही घडलेलं नाही. त्या वेळी सगळे चहा पीत होते असं कागदावर आहे, आणि कागदापुढे माझ्यासारख्या लाकडाचं काय चालणार! तेव्हा सुरुवातीपासून सांगतो.

मी एक जुना पोडियम आहे. लेक्चर देताना प्राध्यापक ज्याच्यामागे उभे राहतात, तो. वर उतरती फळी, आत एक कप्पा. झाडलोट करणाऱ्या बनूबाई मला खोका म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. १९८० साली उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात माझा जन्म झाला, तो कसल्याशा यंत्राच्या खोक्यातूनच. दुकानदाराने माझ्या पाठीवर थाप मारून कॉलेजच्या हेडक्लार्कला सांगितलं, "साईं, असली सागवान! आपके पोते इसके पीछे लेक्चर देंगे." हेडक्लार्कचं लग्न झालेलं नव्हतं. तो खूश झाला. माझ्या आतल्या बाजूला ‘ही बाजू वर’ असं इंग्रजीत छापलेलं आहे, बाणासकट. बाण जमिनीकडे आहे. म्हणजे मी जन्मापासून डोक्यावर उभा आहे आणि एकाही विद्वानाच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.

टेम्पोत बसून मी अंबरनाथच्या एका कॉलेजात आलो. पहिल्या दिवशी मला हार घातला. तो वाळला, पण काढायला वर्षभर कोणाला वेळ झाला नाही.

१९८१ च्या जुलैमध्ये श्यामकांत सर नोकरीला लागले. विषय तर्कशास्त्र. पहिल्या तासाला शंभर मुलं बसली होती, कारण वेळापत्रक चुकलं होतं. सरांनी आत येऊन माझ्या दोन्ही कडा घट्ट धरल्या, आणि मला कळलं की या माणसाचे पाय थरथरतात. थोडेथोडके नाही. माझ्या कप्प्यातले खडू वाजायला लागले. आवाज मात्र खणखणीत! पुढची तेरा वर्षं हेच चाललं. मुलांना कमरेवरचे सर दिसायचे, आणि ते अतिशय ठाम होते. कमरेखालचे सर फक्त मला माहीत होते. आमच्यात प्रेम वगैरे नव्हतं. ते ओली छत्री माझ्या कप्प्यात ठेवायचे, त्याने माझी फळी फुगली. पण मी कोणाकडे बोललो नाही.

मग १९९४ चा मे महिना आला आणि आमच्या हॉलमध्ये उजळणी वर्ग भरला. शिकवणाऱ्यांना शिकवायला कसं शिकवायचं, ते एकवीस दिवस शिकवतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथले चाळीस प्राध्यापक रुमालाने मान पुसत येऊन बसले. याचं प्रमाणपत्र नसेल तर वरिष्ठ श्रेणी मिळत नाही. सरांची श्रेणी १९८९ पासून अडली होती, कारण दोनदा त्यांचं नाव पाठवायचं ऑफिस विसरलं होतं. आणि शेजारच्या खुर्चीवर बसले होते प्राध्यापक हरिचंद्र, बदलापूरजवळच्या खरवईचे. हे सरांचेच जुने विद्यार्थी. आता त्याच कॉलेजात नोकरीला, आणि यंदा सरांच्या पुढे जायच्या बेतात.

"सर, नापास मात्र होऊ नका," हरिचंद्र पहिल्याच दिवशी म्हणाले. "नाहीतर वरिष्ठ म्हणून मला तुमचा रिपोर्ट लिहावा लागेल. बरं दिसत नाही ते."

"तुझी उत्तरपत्रिका तपासताना मलाही बरं वाटत नव्हतं," सर म्हणाले.

वर्ग घ्यायला पुण्याहून मालिनी मॅडम आल्या होत्या. त्यांनी आल्या आल्या माझ्याकडे बोट केलं. "हा पोडियम म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातली भिंत आहे. ती आज पाडायची!" चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. यातले आमच्या कॉलेजातले गेली कित्येक वर्षं माझ्यावर कोपर टेकून झोपले होते. मला ढकलत पाण्याच्या पिंपाशेजारी नेलं. माझ्या डोक्यावर उष्टे कप जमायला लागले.

मी मॅडमचा द्वेष करायला लागलो. द्वेष करायला माझ्याकडे फारसं सामान नाही. एक खिळा आहे. चौथ्या दिवशी त्यात मॅडमचा पदर अडकून टर्रकन फाटला. मी काही केलं नाही. मी फक्त उभा होतो. "हा खोका वर्ग संपल्यावर भंगारात गेला पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

पंधराव्या दिवशी सूक्ष्म पाठ सुरू झाले. सूक्ष्म पाठ म्हणजे एका प्राध्यापकाने पाच मिनिटं शिकवायचं, आणि बाकीच्या प्राध्यापकांनी विद्यार्थी व्हायचं. एक निरीक्षक फॉर्मवर खुणा करतो की शिक्षक किती वेळा जागचा हलला. दहापेक्षा कमी हलला तर नापास, मग त्याने काहीही शिकवलेलं असो. भूगोलाचे सर वर्गाला चार प्रदक्षिणा घालून आले आणि विषय काय होता ते विसरले. त्यांना ‘अ’ मिळाला.

मग सत्र क्रमांक सत्तावन्न. श्यामकांत सर उठले. मोकळ्या जागेत, समोर काही नाही, मागे फळा. आणि तेरा वर्षं फक्त मला माहीत असलेली गोष्ट चाळीस जणांनी एकदम पाहिली. सरांची पँट घोट्यापर्यंत थरथरत होती.

हरिचंद्र विद्यार्थी झाले होते. मागच्या बाकावर, कॉलर वर, तोंडात कंगवा. "ओ सर, इंजिन गरम झालंय, बंद करा!"

हॉलमध्ये हशा फुटला. "भूकंप, भूकंप!" दुसरा कोणीतरी ओरडला. हे सगळे पीएच.डी. झालेले होते.

"शांत बसा," सर म्हणाले. आवाजही थरथरला. तो मात्र पहिल्यांदाच.

निरीक्षकाची पेन्सिल रिकाम्या रकान्यावर थांबली होती. तीन मिनिटं गेली. हालचाल शून्य. आणि सर वळले. सरळ पिंपाकडे आले, माझ्यावरचे कप एका हाताने खाली पाडले, माझ्या दोन्ही कडा धरल्या आणि मला खर्रर्र ओढत हॉलच्या मध्यभागी नेलं.

"लिहून घ्या!" आवाज खणखणीत. "जे जे शिक्षकाच्या आड येतं, ते भिंत असतं." खर्रर्र, आम्ही डावीकडे. "हरिचंद्र शिक्षकाच्या आड येतो." खर्रर्र, उजवीकडे. "तेव्हा हरिचंद्र काय आहे?"

"भिंत!" सगळे ओरडले. हरिचंद्रही ओरडले, मग त्यांनी कंगवा खिशात घातला. दोन मिनिटांत आम्ही हॉल तीनदा पालथा घातला. निरीक्षकाने तेवीस खुणा केल्या. अख्ख्या वर्गात एवढ्या कोणालाच नव्हत्या.

मॅडमनी फॉर्म हातात घेतला, चष्मा पुसला आणि खाली शेरा लिहिला: ‘हालचाल उत्कृष्ट. परंतु ती पोडियमची आहे. पोडियमला अ श्रेणी. शिक्षक अनुत्तीर्ण.’

बाहेर पडताना हरिचंद्र म्हणाले, "सर, रागावू नका. मी फक्त रोल करत होतो."

"रोल कसला रे? ब्याऐंशी साली तू याहून वाईट करायचास. तेव्हा त्याचे मार्क नव्हते, एवढंच."

पण उजळणी वर्गात कोणी नापास होत नाही. झालंच, तर पुढच्या वर्षी वर्ग मंजूर होत नाही. त्यामुळे दुपारी प्राचार्यांनी सरांपुढे एक कागद ठेवला: सत्र क्रमांक सत्तावन्न, चहापान. सरांनी विचार केला. जो पाठ झालाच नाही, त्यात कोणी नापास होऊ शकत नाही. तर्क बिनचूक होता. त्यांनी सही केली. त्यात कोणी पासही होऊ शकत नाही, हे त्यांना सहीनंतर सांगण्यात आलं. एक सूक्ष्म पाठ कमी भरला आणि प्रमाणपत्र राहिलं. हरिचंद्र वरिष्ठ झाले. सर त्यांना ‘साहेब’ म्हणायला लागले, आणि दर वेळी म्हणताना बारीक हसायचे, ते हरिचंद्रांना अजिबात सहन होत नसे.

मला मात्र भंगारात टाकता येईना, कारण मॅडमचा शेरा फायलीत तसाच राहिला होता. अ श्रेणीची वस्तू निकामी ठरवता येत नाही, असं ऑफिसने कळवलं. मी जिन्याखाली आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी इथे सांगायला हवं. पण वस्तूंचं चाललेलं असतं कसंतरी. तुमच्यासमोर जो माणूस उभा राहतो, त्याचे पाय थरथरत असले तर तिकडे बघू नका, एवढं केलंत तरी पुरे. बाकीचं मी वर कळवतो:

माननीय महोदयांस सविनय विनंती की, सत्र क्रमांक सत्तावन्नमध्ये मला मिळालेली अ श्रेणी माझ्या नावावरून कमी करून प्रा. श्यामकांत यांच्या नावे वर्ग करण्यात यावी. त्यांस दिनांक १ जुलै १९८९ पासून वरिष्ठ श्रेणी देण्यात यावी. आणि त्या सकाळी सर्वांनी घेतलेला चहा घेतलाच नाही असे समजण्यात यावे. चौकशीसाठी बोलावल्यास मी हजर राहीन. फक्त उचलायला दोन माणसं पाठवावीत.