बुधवारचं खाद्य

"मावशी, ही बघा. आली एकदाची!" प्रयोगशाळेच्या सरांनी थर्मोकोलच्या डब्यातून बोटाच्या पेराएवढी बाटली काढून तिच्या तळहातावर ठेवली. "विकतची अँटिबॉडी. आपण बनवतो तीच, पण आयती. आता तुमच्या त्या पेशी पोसायची कटकट संपली. संध्याकाळी ब्लीच ओतून मारून टाका त्यांना आणि व्हा मोकळ्या."

मावशीने बाटली उजेडात धरून पाहिली. आत पाण्यासारखं काहीतरी होतं, तेही जेमतेम दोन थेंब. बावीस वर्षं दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी ती ज्यांना खायला घालत आली, त्यांचं काम हे दोन थेंब करणार होते.

"आणि हो," सर जाता जाता म्हणाले, "तुमची रजा किती साठलीय ठाऊक आहे का? हा अर्ज भरा. भावाकडे जाऊन या चांगलं पंधरा दिवस."

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशीच म्हणत. शास्त्रज्ञ येत, तीन वर्षांत पदवी घेऊन जात. मावशी जागच्या जागी. तिच्या काचेच्या कपाटात उबदार हवेत चपट्या बाटल्या आडव्या पडलेल्या असत. त्यांतल्या गुलाबी पाण्यात तिच्या पेशी वाढत आणि त्याच पाण्यात अँटिबॉडी सोडत. या अँटिबॉडीचं काम ऐकायला सोपं आहे. रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी फिरत असतात. त्यांच्या अंगावर बारीक आकडे असतात. काखेत-मानेत असतात त्या लसिकाग्रंथींपाशी आल्या की हे आकडे तिथल्या भिंतीला अडकतात, पेशी थांबते आणि आत शिरते. मावशीची अँटिबॉडी त्या आकड्यांवर टोपी घालते. मग पेशी धडधाकट असली तरी तिला थांबता येत नाही. दारावरून शंभरदा वाहत जाते आणि बाहेरच राहते. अशा किती बाहेर राहिल्या ते मोजून शास्त्रज्ञ आपले निबंध लिहितात.

मावशीने अर्जावर 'पंधरा दिवस' असं ठसठशीत अक्षरात लिहिलं. तेवढ्यात नवी संशोधक शेजारच्या स्टुलावर येऊन बसली. महिनाभरापूर्वीच ती इथे आली होती आणि तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं.

"मावशी, खरंच तुम्ही बावीस वर्षांत कुठे गेलाच नाहीत?"

"दोन दिवसांच्या वर नाही. यांना तिसऱ्या दिवशी खाद्य लागतं ना. उपाशी मारू की काय?"

"पण या पेशी गोठवता येतात की! नायट्रोजनच्या टाकीत टाकायच्या आणि आल्यावर परत वाढवायच्या. गेल्याच आठवड्यात तुम्ही मला शिकवलंत."

चोराच्या मनात चांदणं. मावशी उठून उगाचच नळ सोडून हात धुऊ लागली. "आता शहाणपणा पुरे हं तुझा," ती म्हणाली. "तुझं काम कर जा."

पेशी गोठवण्यात मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण दादाला हे कुठे ठाऊक होतं? ही नोकरी लागायच्या जरा आधी वडील गेले, तेव्हा ती त्याच्याकडे दहा दिवस राहिली होती. अकराव्या दिवशी वहिनी हसत हसत म्हणाली, "वन्सं, आता कायमच्याच राहायला आलात की काय?" वहिनीचा स्वभावच बडबडा. बोलून ती विसरलीही. मावशीच्या मात्र ते जिव्हारी लागलं. पुढच्या वेळी दादाने बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "पेशींना खायला घालायचंय रे. दोन दिवसांच्या वर जमायचं नाही." दादाने बिचाऱ्याने खरं मानलं. एकदा पचलेलं खोटं दुसऱ्यांदा बोलायला जड जात नाही. मग भाचीच्या लग्नाला दोन दिवस, दादाच्या ऑपरेशनला दोन दिवस. आपण लवकर निघालो की वहिनी मनात म्हणत असेल, सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला दर वेळी वाटायचं. आणि परतल्यावर रिकाम्या खोलीचं कुलूप उघडताना दर वेळी रडू यायचं.

तिने जिन्यात जाऊन दादाला फोन लावला.

"दादा, मी येतेय. चांगली पंधरा दिवस."

"पंधरा? आणि तुझ्या त्या पेशी?"

"बंद झाल्या. आता विकत मिळतं."

"असं होय." दादा खोकला. "अगं, ये की. पण मागच्या वर्षी तुझी खोली नातवाला दिली. तुझी कॉटही काढली. इतकी वर्षं ठेवली होती बघ. वहिनी दर महिन्याला चादर बदलायची. म्हणायची, वन्सं कधी अचानक आल्या तर. शेवटी मीच म्हटलं, ती काही राहायची नाही."

मावशीने कठडा धरला.

"ऐकतेस ना? तुझी आबाळ होईल गं इथे. त्यापेक्षा असं कर, दोन दिवस ये. दोन दिवस आम्ही हॉलमध्ये कसंही भागवू."

"बरं," मावशी म्हणाली. "दोन दिवस येते. वहिनीला सांग."

"काय सांगू?"

बावीस वर्षांचं काय सांगणार होती ती? "काही नाही. येतेय म्हणून सांग."

जागेवर येऊन तिने अर्जावरचं 'पंधरा' पट्टी धरून खोडलं आणि वर 'दोन' लिहिलं. मग हातमोजे चढवले, कपाट उघडलं आणि एकेक बाटली बाहेर काढली. परवाचं गुलाबी पाणी पिवळट झालं होतं, म्हणजे पेशींनी पोटभर खाल्लं होतं. जुनं पाणी काढून तिने ताजं भरायला घेतलं.

नवी संशोधक मान वळवून पाहत होती. "मावशी, संध्याकाळी ब्लीच टाकायचंय ना यांच्यात? मग आता कशाला?"

मावशीने शेवटच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं, बाटली आडवी ठेवली आणि कपाटाचं दार आवाज न करता मिटलं.

"आज बुधवार आहे," ती म्हणाली.