पढवलेला प्रश्न

“आधी नमस्कार घालायचा, मंग विचारायचं,” साधना सिस्टर चतुराबाईंना समजावत होत्या. “साहेब, सुनेचं पोट एवढं कडक काहून लागून राह्यलं? आन् तिले घडीघडी तहान काहून लागते? बस, एवढंच. म्हनून दाखवा बरं.”

चतुराबाईंनी म्हणून दाखवलं. तहानेचं विसरल्या. सिस्टरांनी पुन्हा घोकून घेतलं. मी बीपीचं मशीन घेऊन शेजारी उभी होते. आमच्या बायकांच्या वॉर्डात राउंडच्या आधी ही शाळा रोजच भरायची.

शाळा काढायला लावली ती आमच्या डॉ. अमोल सरांनी. तालुक्याच्या गावातलं, वीस खाटांचं ट्रस्टचं रुग्णालय आणि ऑपरेशन करणारे सर एकटे. मग काय, हम करे सो कायदा. हाताला यश होतं, ते नाकारून चालणार नाही. पण नर्सनं आपणहून काही सांगितलं की त्यांना मिरची झोंबायची. मी नवीन लागले त्या महिन्यात साधना सिस्टर राउंडला म्हणाल्या होत्या, सर, या बाईंना कावीळ वाटते, जरा डोळे बघता का. सगळ्या वॉर्डासमोर सरांनी विचारलं, “सिस्टर, तुम्ही डॉक्टर कधी झालात? पेढे नाही दिले ते.” पेशंटचे नातेवाईकसुद्धा हसले. सव्वीस वर्षं नोकरी झालेली बाई, मान खाली घालून उभी राहिली. चार दिवसांनी कावीळच निघाली. तेव्हा पेढ्यांचं कुणी नाव काढलं नाही.

त्यानंतर सिस्टरांनी ही युक्ती शोधली. नातेवाइकानं विचारलं की सर बघायचे, कारण नातेवाईक गावात जाऊन बोलतो. म्हणून आपल्याला दिसलेलं नातेवाइकाच्या तोंडी घालायचं. मागे नत्थुजी म्हणून एकजण होते, त्यांच्या बायकोच्या पायाची सूज सरांना अशीच दिसली होती, आणि दिसल्यावर त्यांनी आम्हालाच झापलं होतं, की तुमचं लक्ष कुठे असतं म्हणून. मला फार राग आला होता. सिस्टर म्हणाल्या, “आपल्याले नावाशी काय करायचं, आचल? पेशंट पाह्यला ना त्यायनं. झालं तं मंग.”

त्या दिवशी मात्र सिस्टर नेहमीसारख्या हसत शिकवत नव्हत्या. चतुराबाईंची सून भावना, चोवीस वर्षांची. आदल्या दुपारी तिचं सिझर झालं होतं, मुलगी झाली होती. सकाळपासून तिची नाडी एकशे चोवीसनं धावत होती, ओठ पांढरे पडले होते आणि पोट टम्म झालं होतं. सिस्टरांनी मला बाजूला घेतलं.

“आतमंदी रक्त साचून राह्यलं. आताच्या आता पोट उघडून पाह्यलं पाह्यजे.”

भूल देणारे डॉक्टर अकोल्याहून यायचे. त्या सकाळी ते दुसऱ्या ऑपरेशनसाठी आलेले होते; ते राउंडच्या आधीच झालं होतं आणि त्या पेशंटला नीट शुद्ध आली की बारा वाजता ते परत निघणार होते. म्हणजे जे काही व्हायचं ते बाराच्या आत व्हायला हवं होतं.

सर आले. चतुराबाईंनी नमस्कार घातला आणि न अडखळता प्रश्न विचारला, तहानेसकट. सरांनी चादर बाजूला केली आणि हात पुढे केला. मी पाहत होते. हात पोटापासून वीतभर राहिला होता.

“बारीक लक्ष आहे हो तुमचं सुनेकडे,” सर कौतुकानं म्हणाले.

“माहं कुठचं साहेब? मले काय समजते,” चतुराबाई म्हणाल्या. “ह्या साधनाबाईनं सांगतलं, साहेबाले असं असं विचारा म्हून.”

हात तिथेच थांबला. मग मागे आला आणि ॲप्रनच्या खिशात गेला.

“अच्छा. म्हणजे आता राउंडही सिस्टरच घेणार.”

“सर, पल्स एकशे चोवीस आहे,” सिस्टर म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की मलाच लाज वाटली.

“मी विचारलं?” सर चतुराबाईंकडे वळले. “आजी, सिझरनंतर पोट फुगतं. गॅस असतो. दुखणारच. तुमचा विश्वास कुणावर आहे ते एकदा सांगा, माझ्यावर की यांच्यावर?”

चतुराबाई घाबरल्या. म्हणाल्या, “तुमच्यावर साहेब.”

सरांनी दुखण्याचं इंजेक्शन लिहिलं. जाता जाता, यापुढे कुणी पेशंटला पढवलं तर मेमो मिळेल, हेही ऐकवलं. मघाची नाडी मीच मोजली होती, बीपीही मीच घेतलं होतं. एक शब्द मी बोलू शकले असते. बोलले नाही. माझी नोकरी कायम व्हायची होती, हे मी स्वतःला आजही सांगते. पटत नाही.

अकरा वाजता सिस्टरांनी सरांना फोन केला. तो त्यांच्या खासगी दवाखान्यातल्या कंपाउंडरनं उचलला. म्हणाला, सर म्हणतात संध्याकाळी बघू. साडेअकराला पुन्हा केला, तर कुणी उचललाच नाही. मग सिस्टर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी गेल्या आणि भूलवाल्या डॉक्टरांना थांबता का म्हणून विचारू लागल्या. ते भले गृहस्थ. म्हणाले, मी थांबेन हो सिस्टर, पण सरांनी सांगितलं पाहिजे. सर सांगणार नव्हते. बाराला भूलवाल्या डॉक्टरांची गाडी फाटकाबाहेर गेली.

दीड वाजता भावनाचं बीपी सत्तरवर आलं. तेव्हा सर धावतच आले, पोटावर हात ठेवला, आणि त्यांचा चेहरा उतरला. अकोल्याला हलवा म्हणाले. सुगत, तिचा नवरा, स्ट्रेचर ओढायला आमच्या बरोबरीनं लागला. साधना सिस्टर कुणाला न विचारता ॲम्ब्युलन्समध्ये चढल्या. रस्त्याचं काम चालू होतं. अकोल्याची घरं दिसू लागली तेव्हा भावना पाणी मागायची थांबली होती.

फाइलमध्ये मृत्यूचं कारण मूळचा अशक्तपणा असं लिहिलं गेलं. सरांना कुणी काही विचारलं नाही. सिस्टरांना मेट्रननं विचारलं, परवानगीशिवाय वॉर्ड सोडून का गेलात.

पाचव्या दिवशी चतुराबाई नातीच्या जन्माचा कागद न्यायला आल्या. पोर लुगड्याच्या पदरात गुंडाळलेली होती. कागद मी दिला. त्यांनी तो घडी करून कनवटीला लावला, तरी निघेनात. साधना सिस्टर दिसल्या तशा त्यांच्यापाशी गेल्या.

“सिस्टरबाई, एक विचारू? त्या दिवशी मी बराबर विचारलं होतं ना साहेबाले?”

सिस्टरांनी हातातला ट्रे टेबलावर ठेवला.

“तहानेचंबी विचारलं मी. इसरली नाई. आन् तुमचं नाव मुद्दाम घेतलं. मले वाटलं, माह्यासारख्या अडानी बाईचं कोन आयकते? एवढ्या वर्साची सिस्टर म्हनते म्हटलं, तं साहेब लौकर पाह्यतीन. त्यात काई चुकलं काय माहं?”

मी कागदांच्या गठ्ठ्यात तोंड खुपसलं. साधना सिस्टरांनी पुढे होऊन पोरीच्या डोक्यावरचं टोपरं नीट केलं. नाडी बांधायला त्यांना जरा वेळ लागला.

“नाई मावशी,” त्या म्हणाल्या. “काईच चुकलं नाई. तुमी बराबर विचारलं.”

“मंग बरं,” चतुराबाई म्हणाल्या. “तेच मनात येऊन राह्यलं होतं.”

बाहेर सुगत ऑटो घेऊन उभा होता. ऑटो वळेपर्यंत सिस्टर दारात थांबल्या. आत सर राउंडला आले होते आणि फाइल धरायला कुणी नाही म्हणून मला हाक मारत होते. मी गेले.