अठराव्या ट्रॅकवरचं ठिगळ

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी टेप फिरली. दोन इंच रुंद, चोवीस ट्रॅकची, म्हणजे चोवीस आवाज वेगवेगळे धरून ठेवणारी ती टेप अठ्ठावीस वर्षं डब्यात पडून होती. आदल्या दिवशी तिला आठ तास चोपन्न अंशांवर शेकलं होतं. जुन्या टेपचा गोंद हवेतली ओल पिऊन चिकट होतो. तशीच वाजवली तर गाणं मशीनच्या हेडला चिकटून खरवडून निघतं. शेकली की दोन-तीन आठवडे नीट चालते, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शेकायला रेकॉर्डिस्टनं फळं सुकवायचं यंत्र वापरलं. यंत्र त्याच्या वहिनींचं होतं, आणि जिच्यापायी टेप बाहेर निघाली ती तक्रारही वहिनींचीच होती.

सिनेमात नसलेलं गाणंही लाखांनी खपतं, हे कॅसेट कंपन्यांना ज्या थोड्या अल्बमांनी पटवलं, त्यांतल्या एकाचं गाणं या टेपवर होतं. कॅसेटवर आणि टीव्हीवरच्या व्हिडिओत चेहरा होता एका गायिकेचा. धंद्यात तिला सगळे नुसतं ‘मॅडम’ म्हणत. वहिनी तेव्हा पायलट गात. म्हणजे वाद्यं बसवायला सोपं जावं म्हणून गाणं आधी कच्चं गाऊन ठेवायचं. मग मुख्य गायिका येऊन पक्कं गाणार, आणि कच्चं पुसलं जाणार. वहिनींनी अकरा वर्षांत दीडेकशे गाणी अशी गायली. एकाही कॅसेटवर त्यांचं नाव नाही, आणि त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. फक्त या एका गाण्यातली, सगळी वाद्यं थांबतात तिथली ती उंच ओळ आपली आहे, एवढंच त्या म्हणत आल्या. गाऊन दाखवायची सोय नव्हती. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज बसला तो बसलाच.

घरात यावर कुणी विश्वास ठेवला नाही. रेकॉर्डिस्टचा थोरला भाऊ, म्हणजे वहिनींचा नवरा, दादा, म्हणायचा, “कुकरची शिट्टी झाली तरी ही म्हणेल, सूर माझाच.” आणि रेकॉर्डिस्टचं उत्तर ठरलेलं असायचं: “वहिनी, पायलट म्यूट करूनच मी मिक्स केलंय. असल्या चुका माझ्या हातून होत नाहीत.”

आता कंपनी तो अल्बम नव्यानं काढत होती, आणि पहिल्यांदाच प्रत्येक गाण्याखाली सगळ्यांची नावं देणार होती. यादी शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होती.

“भावोजी, एकदाच वाजवा,” वहिनी म्हणाल्या होत्या. “नसेन मी, तर पुन्हा विषय काढणार नाही.”

स्टुडिओ बंद पडला तेव्हा रेकॉर्डिस्टनं मशीन घरी आणलं होतं. मागच्या खोलीत पलंगाची जागा आता त्यानं अडवली होती. वहिनी खुर्चीवर बसल्या, दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

डब्यातल्या कागदावर रेकॉर्डिस्टच्याच अक्षरात लिहिलं होतं: अकरा, पायलट. अठरा, मॅडम, फायनल.

त्यानं अकरावा ट्रॅक लावला. तरुण वहिनी गाऊ लागल्या. दादा जरा सरळ उभा राहिला. उंच ओळीच्या मागे बारीक टिकटिक ऐकू येत होती. पायलटच्या वेळी ड्रम नव्हते, म्हणून कानात ठेका धरायला क्लिक दिलेली. ती हेडफोनमधून माइकमध्ये गळली होती. मॅडम गायल्या तेव्हा ड्रम होते. क्लिक बंदच होती.

मग अठरावा लावला. मॅडमचा आवाज, भरदार, सफाईदार. उंच ओळ आली, आणि मागे टिकटिक.

“हे तर कॅसेटवरही आहे,” दादा म्हणाला. “त्या समीक्षकानं लिहिलं होतं बघ, काळाची पावलं की काय. आणि तू मुलाखतीत मान डोलावलीस.”

“मला वाटलं, वाद्यं थांबली तरी ड्रमर हाय-हॅटच्या झांजेवर ठेका धरून आहे,” रेकॉर्डिस्ट म्हणाला.

“अठ्ठावीस वर्षं?”

तो मिक्सिंगच्या बोर्डाकडे वळला. “एक परीक्षा आहे. दोन आवाज हुबेहूब एकच असतील, तर एकाची फेज, म्हणजे त्याच्या लाटेची वर-खाली दिशा, उलटी करून दोन्ही सारख्या पातळीवर वाजवायचे. ते एकमेकांना खाऊन टाकतात.”

“आणि नसतील तर?” वहिनींनी विचारलं.

“तर दोघी ऐकू येतील.”

ओळीच्या आधी दोघी ऐकू येत होत्या. ओळ आली आणि खोलीत काही उरलं नाही. अगदी बारीक, वरच्या आवाजात जरा सळसळ, बस. ओळ संपली, दोघी परतल्या.

“पुन्हा लावा,” वहिनी म्हणाल्या. त्यानं तीनदा लावलं.

मग त्याला सगळं आठवलं. शनिवार होता. मॅडमचा घसा धरला होता, ती ओळ लागत नव्हती. संगीतकाराला गाण्याचा आकार कळावा म्हणून रेकॉर्डिस्टनं पायलटमधली तेवढी ओळ मॅडमच्या ट्रॅकवर उतरवली, तात्पुरतं ठिगळ म्हणून. मॅडम सोमवारी येणार होत्या. सोमवारी त्या दौऱ्यावर गेल्या. मंगळवारी त्यानं अकरावा म्यूट करून मिक्स केलं. ठिगळाची नोंद कागदावर करायची राहिली होती.

“चूक माझी,” तो म्हणाला.

“मॅडमना माहीत असेल का रे?” दादानं विचारलं.

उत्तर वहिनींनी दिलं. “कार्यक्रमात त्या ओळीला त्या माइक प्रेक्षकांकडे धरतात. दर वेळी. लोक म्हणतात, काय मोठं मन.”

दादा म्हणाला, “कुकरचं मी मागे घेतो.”

“राहू द्या,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्याकडून तेवढीच दाद मिळत होती.”

रेकॉर्डिस्टनं त्याच दुपारी कंपनीला पत्र लिहिलं. चूक कुठे झाली, कोणत्या वारी, कुणाच्या हातून, हे पहिल्या परिच्छेदात घातलं. तिन्ही आवाजफायली जोडल्या: अकरावा, अठरावा आणि दोन्ही एकत्र. बुधवारी कंपनीच्या बाईंचा फोन आला.

“सर, तिसऱ्या फाइलमध्ये ऐन ओळीलाच आवाज जातो. फाइल खराब आहे का?”

“नाही,” तो म्हणाला. “तोच पुरावा आहे.” आणि त्यानं वीस मिनिटं समजावून सांगितलं.

गुरुवारी त्या म्हणाल्या, मॅडमच्या ऑफिसला विचारलं आहे. शुक्रवारी चारला म्हणाल्या, अजून उत्तर नाही. पाचनंतर फोन कुणी उचलला नाही.

सहा वाजून वीस मिनिटांनी यादी लागली. आठपैकी सात गाण्यांखाली सगळ्यांची नावं होती. या गाण्याखाली संगीतकार, गीतकार, वादक आणि रेकॉर्डिस्ट यांची नावं होती. ‘गायन’ या शब्दापुढे ना मॅडमचं नाव होतं, ना वहिनींचं; ती जागा शनिवारी सकाळी साडेनऊलाही रिकामीच होती.