चर्चच्या कोपऱ्यावरचा सुआ

"इथे नाही," थोआबाई म्हणाल्या आणि मागच्या सीटवरूनच त्यांनी लेकाच्या पाठीत दोन बोटं टोचली.

लामने स्कूटर कडेला घेतली. होआंग होआ थाम रस्त्यावरचे सुआ त्याने मान वर करून पाहिले. ऑफिसातल्या पोरी गेल्या आठवड्यात याच झाडांचे फोटो एकमेकींना दाखवत होत्या, मुरमुऱ्यांची पोती फांद्यांवर उधळावीत तशी पांढरी झाडं. आता तिथे कोवळी पोपटी पानं होती आणि फुलं भिजून, पिवळी पडून गटाराच्या कडेला साचली होती.

"संपला गं आई बहर."

"मी म्हणत होतेच, मागच्या रविवारी चल. सुआ काय तुझी मीटिंग संपायची वाट बघत थांबतो?"

सुआ कुणासाठीच थांबत नाही. जेमतेम आठवडाभर फुलतो, आणि हनोईच्या मार्चमधली ती चिकट भुरभुर दोन दिवस लागली की तेवढाही नाही. लामला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी त्याने एक रविवार घालवला होता.

थोआबाईंना फोटो हवा होता, पितरांच्या देव्हाऱ्यात ठेवायचा. आपल्या मागे लावायचा फोटो आपण धडधाकट असताना, आपल्या पसंतीनं काढून ठेवावा, असं त्यांच्या वयाच्या सगळ्याच बायकांचं मत. त्यात डोळ्याला पदर लावण्यासारखं त्यांना काही वाटत नसे. तीन वर्षांपूर्वी नवरा अचानक गेला तेव्हा घरात त्याचा एक धड फोटो निघाला नाही. शेवटी ओळखपत्रावरचाच मोठा करून आणला. त्यात त्याची मान आखडलेली आहे आणि डोळे वटारलेले.

"रोज उदबत्ती लावते," थोआबाई सांगत, "आणि रोज वाटतं, आमच्या माणसाला पोलिसांनी धरून नेलंय."

ऐकणारे हसत. लामही हसे, पण त्याला ते हसू जड जाई.

"त्रुक बाख तळ्याकाठी बघू या," तो आता म्हणाला.

"कुआ बाकला चल. चर्चच्या कोपऱ्यावर."

"तिथे पोरापोरींची झुंबड असते आई."

"असू दे. मी काय कुणाच्या मांडीवर बसणार आहे?"

लामने स्कूटर सुरू केली आणि उगाचच लांबचा रस्ता धरला. त्या कोपऱ्यावरून जाणं तो तीन वर्षं टाळत आला होता. लग्नाआधी होणाऱ्या बायकोबरोबर, लीबरोबर, तिथे फोटो काढायला गेला, तेव्हा स्कूटर सांभाळायला म्हणून बाबाही आले होते. लीचे ढीगभर फोटो काढून झाल्यावर बाबांनी बोटांनी केस सारखे केले, शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलं आणि झाडाखाली जाऊन उभे राहिले.

"माझाही घे की रे एक."

"तुम्हाला काय करायचाय बाबा फुलांखाली फोटो? बॅटरी संपत आलीय. पुढच्या वर्षी काढू."

ली हसली. बाबाही हसले. "बरं, पुढच्या वर्षी," म्हणत त्यांनी बटण काढलं. त्याच वर्षी पानगळीत ते गेले. बॅटरी काही संपत आली नव्हती. लीसमोर चेष्टा करायची हुक्की आली होती, एवढंच. नुसतं बोट टेकवायचं होतं. लामने हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि एक दिवसही तो ते विसरला नव्हता.

कोपऱ्यावरचा सुआ अजून फुललेला होता. चर्चच्या पिवळ्या भिंतीवर त्याची पांढरी फांदी पार वाकून आली होती. खाली मुलींची रांग, कुणाच्या हातात छत्री, कुणाच्या आरसा. पांढऱ्या झग्यातल्या एकीने थोआबाईंना पाहिलं आणि मैत्रिणींना मागे ढकललं.

"ए, आजींना आधी उभं राहू द्या."

"गुणाची गं माझी बाय. चांगला नवरा मिळेल तुला."

"आजी, नवरा राहू दे, नोकरी मिळू दे म्हणा!"

थोआबाईंनी रेनकोट काढून लामच्या खांद्यावर टाकला. आत निळा रेशमी आओ दाई होता, सणासुदीचा लांब झगा. गळ्याचं बटण त्यांनी नीट लावलं. लामने फोन उचलला.

"असा नको. अजून इकडून घे. भिंत दिसली पाहिजे. आणि फुलं डोक्यावर हवीत, तोंडावर नाही."

"एवढं ठरवून आलीस?"

"बाबांचा आहे ना, तसाच हवा मला."

"बाबांचा कुठला?"

"इथलाच की. तू काढलास तो." थोआबाई झग्याचा घोळ सारखा करत होत्या. "त्या दिवशी सांगतच घरात शिरले. पोरानं मला चर्चच्या भिंतीपुढे उभं केलं, डोक्यावर फुलं होती, मी गळ्यापर्यंत बटण लावलं होतं, जरासा हसलोय म्हणाले. जेवतानाही तेच. म्हणाले, सवडीनं देईल तो, तू मागे लागू नकोस. ते गेले तेव्हा तुला म्हटलं नव्हतं का मी, फोटो शोध म्हणून?"

म्हटलं होतं. कुठलाही एखादा फोटो, असं लामला वाटलं होतं. सापडत नाही, असं त्याने सांगितलं आणि काका ओळखपत्र घेऊन दुकानात गेले.

"सापडेल," थोआबाई म्हणाल्या. "फोनमधलं कुठे जातंय? सापडला की ते ओळखपत्राचं ध्यान काढून टाकू आणि दोघांचे शेजारी शेजारी लावू. म्हणून म्हणते, जोडीचा दिसायला हवा."

लामला पडद्यावर काही दिसेना. संध्याकाळपर्यंत बाबा विसरले असतील, अशी त्याने इतकी वर्षं मनाची समजूत घातली होती. आणि त्यांनी त्या रात्री आईसमोर बसून न काढलेला फोटो असा रंगवून सांगितला होता, पोराला कुणी बोल लावू नये म्हणून.

"काढतोयस ना रे?"

"हो. थांब जरा."

त्याने कोपरं बरगड्यांना टेकवली. थोआबाईंनी मान ताठ केली आणि कुणीतरी सांगून ठेवल्यासारख्या जराशा हसल्या. लामने फोटो काढला.

त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, डोळे बारीक केले.

"बरी आलेय की! बाबांच्यासारखाच आलाय का रे? भिंत, फुलं, सगळं?"

लामने फोन परत घेतला. काचेवरची भुरभुर बाहीला पुसली.

"हो आई. अगदी तसाच."

"वाटलंच मला," थोआबाई रेनकोटात हात घालत म्हणाल्या. "वाढवून सांगायची सवयच नव्हती त्यांना."