रगतप्याला पाजलेलं पाणी

रगतप्या भर दुपारी बाराला फिरतो. तेलगावात त्या वेळी सगळे जेवून आडवे झालेले असतात. आपणहून त्याला कुणाच्या घरात शिरता येत नाही. पण कुणी हातानं पाणी दिलं की तो पाहुणा झाला. मग तो रोज येतो आणि घरातलं रक्त पितो.

उत्तरेश्वरला हे बायकोमुळं ठाऊक होतं. विमलबाईच्या माहेरी चार पिढ्या बायकांनीच रगतप्ये मारले. तिनं तीन मारले. चौथ्यानं तिला मारलं, त्याला वर्ष झालं.

आता तोच चौथा शेजारच्या छबुबाईकडं येत होता. लुना, काळा चष्मा, केबलची जोडणी देतो म्हणायचा. छबुबाईनं पहिल्याच दिवशी गुळाचा खडा आणि तांब्या पुढं केला. दारी आलेल्याला पाणी नाकारायची आपल्याकडं रीत नाही. आठ दिवसांत तिची लेक कावेरी चुन्यासारखी पांढरी पडली. डॉक्टरनं टॉनिक लिहून दिलं.

"आण्णा, उद्या मी त्याला मारते," भाकरी थापता थापता प्रणिता म्हणाली. पंधरा वर्षांची पोर.

"तुजी माय त्यातच गेली."

"माय एकटी गेलती. मी आसरांना सांगितलंय."

आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. गावात बोअर झाल्यापासून जुन्या विहिरीवरच्या त्यांच्या शेंदरी दगडांकडं कुणी फिरकत नव्हतं. प्रणिता मात्र महिनाभर दहीभात आणि हिरव्या बांगड्या नेत होती.

"लई रुसल्यात. पन थोरली म्हनली, आमाला त्याच्या पोटात नेऊन घाल, म्होरलं आमी बघतो."

उत्तरेश्वरला नाही म्हणायचं होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून कावेरीचं कण्हणं आलं. त्यानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी छबुबाईला रानात धाडून बापलेक तिच्या ओसरीवर बसले. बाराला लुना थांबली.

"बसा, पाहुणे," उत्तरेश्वर म्हणाला. आवाज हलला नाही, याचं त्यालाच नवल वाटलं.

प्रणितानं विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढं केला. रगतप्यानं नुसता वास घेतला.

"तहान न्हाई."

"आसं कसं? रोज पिता, आन् आज माज्या हातचं चालंना व्हय?" ती हसली. "पानी नाकारलं की पाहुनपन मोडलं. उतरा ओसरीखाली."

त्यानं आत झोपलेल्या कावेरीकडं पाहिलं. भूक मोठी होती. तांब्या उचलून त्यानं पाणी वरून घटाघटा घशात ओतलं.

त्याच्या पोटात बांगड्या वाजल्या. मग त्याच्याच गळ्यातून सात बाया हसल्या. तो गुडघ्यावर आला. प्रणितानं मागं ठेवलेला बाभळीचा खुंटा काढला, त्याच्या छातीवर टेकवला आणि दगडानं एकच घाव घातला. तिनं डोळेसुद्धा मिटले नाहीत. ओसरीवर ओली माती आणि काळा चष्मा उरला.

उत्तरेश्वर तिच्या हातातला खुंटा घ्यायला धावला.

"आदी कावेरीला दूध द्या, आण्णा."

त्यानं दूध ऊन केलं. कावेरी पेलाभर प्याली आणि भाकरी मागू लागली.

विमलबाईला तीन-तीन घाव घालावे लागायचे, लेकीनं एकातच भागवलं. हे कौतुक ज्या बाईला सांगायचं, ती तर नव्हती. म्हणून त्यानं पोरीलाच सांगितलं.

"काम आसरांनी केलं," ती खुंटा धूत म्हणाली. "पन आण्णा, तुमी 'पाहुणे' म्हनलात, तवा मलाबी खरंच वाटलं."