तोंड तिकडे कर

लायटोन चटईवर मासळी वाळत घालत होता, तेव्हा त्याचा मेव्हणा फोस्टिनो अंगणात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात लायटोनच्या बायकोची, एनेलेसीची पिशवी होती.

"झोंब्याला जाणारी मिनीबस उलटली, दाजी. पुलाजवळ. ताई राहिली नाही."

लायटोन मुठीतली मासळी एकेक करून पसरत राहिला.

सकाळीच ती दातांच्या दवाखान्यात जायला निघाली होती. दारातून काही सांगायला वळली, तर तो म्हणाला, "एलुबीची आई, तोंड तिकडे कर. वास येतो." तीन वर्षं तो हेच म्हणत होता. शेजाऱ्यांतही सांगायचा, "मला मासळी वाळवायची गरज नाही. हिनं जांभई दिली की पुरे." लोक हसत. तोंडावर हात धरून तीही हसे. निजायची मात्र भिंतीकडे तोंड करून.

दफन झालं, दुखवट्याचे केस उतरवले. बायको गेल्यावर तिच्या गावात नवऱ्याने राहायचं नसतं; मुलगी एलुबी मात्र तिथेच मामाकडे राहणार होती. चाळीस दिवसांनी तो सामान बांधायला बसला. चादर घडी करताना थांबला. वास तसाच होता.

पिशवीत दवाखान्याचं कार्ड सापडलं. त्यावर त्याचं नाव होतं. ते घेऊन तो दवाखान्यात गेला.

"तिच्या हिरड्या ईस्टरलाच बऱ्या झाल्या," दवाखान्यातली बाई म्हणाली. "हेच औषधाचं जेल भरलं होतं. पण घरातला वास जाईना. मी म्हटलं, मग त्यांना आण, आणि तुमच्या नावाचं कार्डही करून दिलं. तर म्हणाली, त्यांना सांगायचं कसं? गाडी उलटली त्या मंगळवारी तेच विचारायला येणार होती. आ करा."

तिने तोंडावरचा मास्क वर ओढला. दातांवरचं कीटण खरवडून काढलं, आणि बोथट सुईने हिरड्यांच्या फटींत जेल भरलं.

"अकरा ठिकाणी पू आहे. आठ दिवसांनी परत भरायचं. चुकवू नका, अर्धवट राहील."

तो गावात परतला तेव्हा फोस्टिनो त्याचं गाठोडं सायकलला बांधत होता.

"तुम्हाला माहीत होतं?" लायटोनने विचारलं.

"सगळ्या गावाला होतं, दाजी. तुम्ही आलात की आम्ही वारा बघून बसायचो. ताईने दम दिला होता, कुणी बोलायचं नाही म्हणून. म्हणायची, त्यांना लागेल."

लायटोन काहीतरी बोलणार होता. त्याने तोंडावर हात धरला.

त्याला ते गाव सोडून आता दोन महिने झाले. दुसऱ्यांदा जेल भरायचं राहिलंच आहे.